अडलेल्या शब्दाचा अर्थ वाक्यातच शोधा

ठाणे, प्रतिनिधी

पावसाळा तोंडावर आला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात आणि जुन्या इमारतींच्या प्रवेशद्वारांवर नोटिसा लागतात. नोटीस मराठीत असते, वाचणाराही मराठीच असतो. तरीही ‘भोगवटादार’, ‘विहित मुदत’, ‘निष्कासित’ अशा शब्दांपाशी तो अडखळतो. जिन्यात जमलेल्या मंडळींपैकी कोणी त्याचा एक अर्थ सांगतो, कोणी दुसरा. घर सोडायचे की दुरुस्त करायचे, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने, हे नेमके त्याच शब्दांवर अवलंबून असते. २०१५ च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीत आणि त्यानंतर आठवडाभरातच ठाण्याच्या नौपाड्यात जुनी इमारत कोसळून रहिवाशांचे प्राण गेले. अशा नोटिशीतील शब्द न कळणे ही केवळ भाषेची अडचण राहत नाही.

हीच अडचण निराळ्या रूपात विद्यार्थ्यांपुढेही उभी राहते. दहावीच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत किंवा शिष्यवृत्ती परीक्षेत पूर्वी न वाचलेला उतारा येतो. त्यातील एखादा शब्द अडला की विद्यार्थी तेथेच थांबतो. परीक्षेच्या दालनात शब्दकोश नेता येत नाही आणि शेजाऱ्याला विचारता येत नाही. हाती असतो तो फक्त उतारा. मात्र अर्थ शोधण्याची साधने बहुधा त्या उताऱ्यातच असतात. ती कशी ओळखावीत आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

शब्दकोश हा आठांपैकी एक मार्ग

संदर्भावरून अर्थ लावण्याची पद्धत इंग्रजीच्या वर्गातून आपल्याकडे आली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात भारतीय शास्त्रकारांनी या प्रश्नाचा फार पूर्वीच सूक्ष्म विचार केला आहे. शब्दाचा अर्थ माणसाला कशाकशावरून कळतो, याचे आठ मार्ग न्यायशास्त्राच्या परंपरेत सांगितले जातात. सतराव्या शतकातील विश्वनाथ न्यायपंचानन यांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’ या ग्रंथात त्यांचे विवेचन आहे. व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि सिद्धपदाचे सान्निध्य हे ते आठ मार्ग होत.

या यादीत कोशाला एकच जागा आहे. आप्तवाक्य म्हणजे जाणत्या, विश्वासू माणसाचे सांगणे. व्यवहार म्हणजे प्रत्यक्ष वापर. घरातील वडीलधारा माणूस दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो आणि तो गाय आणतो. पुढे ‘गाय बांध, घोडा आण’ असे सांगितले जाते. जवळ उभे असलेले मूल हे पाहून ‘गाय’, ‘घोडा’, ‘आण’ आणि ‘बांध’ हे चारही शब्द शिकते. त्याला कोणी व्याख्या सांगितलेली नसते. आपण सर्वांनी मातृभाषेतील बहुतेक शब्द याच रीतीने मिळविले आहेत. उरलेल्या पाच मार्गांसाठी मात्र कोश लागत नाही आणि दुसरा माणूसही लागत नाही. छापील मजकूर पुरतो. वाचकाच्या उपयोगाचे आहेत ते हेच पाच.

मजकुरातील खुणा

विवृती. लेखक स्वतःच अर्थ उलगडून सांगतो. ‘भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाडीकाठची दलदलीची जमीन, म्हणजेच खाजण, पुढे बांध घालून लागवडीखाली आणली गेली,’ या वाक्यात ‘खाजण’ शब्दाचा अर्थ दिलेलाच आहे. ‘म्हणजे’, ‘अर्थात’, ‘यालाच म्हणतात’ हे शब्द किंवा दोन स्वल्पविरामांमधील मजकूर ही विवृतीची खूण होय. ही सर्वांत सोपी खूण असूनही घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. कारण अनोळखी शब्द दिसताच त्याचे मन उडते आणि पुढचे चार शब्द तो वाचतच नाही.

उपमान. अनोळखी वस्तूचे ओळखीच्या वस्तूशी साम्य सांगितलेले असते. ‘ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात बेडकासारखे डोळे वर काढून निवटे उड्या मारू लागतात,’ असे वाक्य कळव्याच्या किंवा कोपरीच्या खाडीविषयीच्या लेखात आले, तर निवटा कधीही न पाहिलेल्या वाचकालाही तो चिखलात राहणारा लहान जलचर आहे, एवढे समजते. तो मासा आहे हे मात्र या वाक्यातून कळत नाही. उपमानाने रूप कळते, जात कळेलच असे नाही.

सिद्धपदाचे सान्निध्य. सिद्धपद म्हणजे आधीच ठाऊक असलेला शब्द. ‘आंब्याच्या झाडावर बसून पिक मधुर गात आहे,’ हे याचे शास्त्रग्रंथांतील प्रसिद्ध उदाहरण. मराठी वाचकाला ‘पीक’ म्हणजे शेतातले धान्य एवढेच माहीत असते. पण आंबा, झाडावर बसणे आणि गाणे हे तीन ओळखीचे शब्द शेजारी असल्यामुळे येथील ‘पिक’ म्हणजे कोकीळ, हे सहज ध्यानात येते. शेजारचा शब्द विरोधी असला तरी चालतो. ‘थोरला बंधू जितका उद्धट, तितकाच धाकटा ऋजू,’ या वाक्यात ‘ऋजू’चा अर्थ ‘उद्धट’च्या विरुद्ध टोकाला शोधावा लागतो. ‘परंतु’, ‘मात्र’, ‘उलट’, ‘जितका-तितका’ हे शब्द अशा वेळी दिशा दाखवितात.

वाक्यशेष. अडलेल्या वाक्यात अर्थ सापडत नसेल तर पुढच्या मजकुरात पाहावे, असा हा मार्ग आहे. वैदिक वाक्यांचा अर्थ लावताना ‘यव’ म्हणजे सातू की राळा, असा प्रश्न उपस्थित झाला होता. पुढच्या वाक्यात इतर वनस्पती कोमेजतात तेव्हा यव डौलाने उभे असतात, असे वर्णन आढळले आणि त्यावरून सातू हा अर्थ निश्चित करण्यात आला. म्हणून अडलेल्या शब्दापाशी थांबण्याऐवजी परिच्छेद संपेपर्यंत वाचत जाणे हिताचे असते.

व्याकरण. शब्दाची घडण पाहणे. ‘अपठित’ हा शब्द ‘अ’ आणि ‘पठित’ असा फोडला की ‘न वाचलेला’ हा अर्थ हाती येतो. गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर वारंवार दिसणारा ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्दप्रयोग पाहा. हस्तांतरण म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात जाणे. कोरलेले ते कोरीव, रेखलेले ते रेखीव, तसे मानलेले ते मानीव. म्हणजे ‘झाले असे मानलेले हस्तांतरण’ इथपर्यंत घडणीवरून पोहोचता येते. कशाचे हस्तांतरण आणि ते कोणी मानायचे, हे मात्र शब्द फोडून कळत नाही. त्यासाठी पुढचा मजकूर वाचावा लागतो. विकासकाने जमीन व इमारत यांची मालकी संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती मिळविण्याची तरतूद १९६३ च्या मोफा कायद्यात २००८ साली झालेल्या दुरुस्तीने आली. घडण आणि वाक्यशेष एकत्र आले तेव्हा कोठे अर्थ पुरा झाला.

तलावाची पाळी आणि कानाची पाळी

शब्द ओळखीचा असूनही अर्थ अडतो, असेही घडते. ठाण्यात नव्याने राहावयास आलेल्या माणसाला ‘तलावपाळी’ या नावाचे कोडे पडते. पाळी म्हणजे क्रम, एवढेच त्याला ठाऊक असते. ‘बोलण्याची पाळी माझी आहे’ यात पाळी म्हणजे क्रम. ‘दुसऱ्या पाळीचे कामगार घरी निघाले’ यात पाळी म्हणजे कामाची ठराविक वेळ. ‘कानाच्या पाळीला भोक पाडले’ यात पाळी म्हणजे कानाची खालची कड. मासुंदा तलावाच्या काठाला तलावपाळी म्हणतात, तेव्हा तेथेही कड किंवा काठ हाच अर्थ असतो. चारही ठिकाणी शब्द तोच; बोलणे, कामगार, कान आणि तलाव हे शेजारी त्याचा अर्थ ठरवितात.

व्याकरणकार भर्तृहरी यांनी ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात अशा अनेकार्थी शब्दांचा नेमका अर्थ कशावरून ठरतो, याची यादीच दिली आहे. साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश आणि काल यांचा तीत समावेश होतो. यांपैकी ‘प्रकरण’ म्हणजे प्रसंग. त्याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण ‘सैंधव’ या शब्दाचे आहे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधू प्रदेशातला घोडाही. जेवावयास बसलेल्या माणसाने ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावे आणि प्रवासास निघालेल्याने म्हटले तर घोडा. शब्दाला अर्थ असतो हे खरे. पण कोणता, हे प्रसंग सांगतो.

नोटीस वाचताना

आता सुरुवातीच्या नोटिशीकडे वळू. पुढील मजकूर या लेखासाठी नमुना म्हणून तयार केला आहे. त्याची भाषा मात्र अशा नोटिशींत नेहमी आढळणारीच आहे.

‘सदर इमारत मोडकळीस आली असून वास्तव्यास अयोग्य झाली आहे. तरी सर्व भोगवटादारांनी विहित मुदतीत सदनिका रिक्त कराव्यात; अन्यथा इमारत निष्कासित करण्यात येईल व त्याचा खर्च मालमत्ताधारकांकडून वसूल करण्यात येईल.’

‘भोगवटादार’ कोण? त्यांनी सदनिका रिक्त करावयाच्या आहेत. सदनिका रिकामी तोच करू शकतो, जो तीत राहतो. म्हणजे हा शब्द राहणाऱ्याविषयी आहे. शेवटी ‘मालमत्ताधारक’ हा वेगळा शब्द आला आहे, याकडेही लक्ष द्यावे. एकाच मजकुरात दोन निराळे शब्द वापरले असतील तर बहुधा दोन निराळ्या व्यक्ती अभिप्रेत असतात. येथे भोगवटादारात भाडेकरूही येतो. मालमत्ताधारक म्हणजे मालक. त्यामुळे घर सोडण्याची सूचना दोघांना आणि खर्चाची जबाबदारी मालकाला, असा या नमुन्याचा अर्थ होतो.

‘विहित’ म्हणजे काय? ‘विहित मुदत’, ‘विहित नमुना’, ‘विहित शुल्क’ असे प्रयोग आठवून पाहावेत. तिन्ही ठिकाणी ‘ठरवून दिलेला’ हा अर्थ चपखल बसतो. मुदत किती, ते या दोन वाक्यांत नाही. म्हणून ती नोटिशीत अन्यत्र दिली आहे का, हे शोधले पाहिजे. संदर्भ जसा अर्थ सांगतो, तसेच कोणती माहिती राहिली आहे, हेही सांगतो.

‘निष्कासित’ हा सर्वांत घोटाळ्याचा शब्द. हिंदी वाचणाऱ्याला तो ‘हाकलून दिलेला’ या अर्थाने परिचित असतो. मराठीतही भाडेकरूचे निष्कासन म्हणजे त्याला जागेतून बाहेर काढणे. त्यामुळे ‘आपल्याला बाहेर काढणार आहेत’ असा अर्थ काही जण घेतात. पण वाक्याचे व्याकरण निराळे सांगते. येथे माणसे निष्कासित व्हावयाची नाहीत, इमारत निष्कासित व्हावयाची आहे. इमारतीला घराबाहेर काढता येत नाही. शिवाय पुढे खर्चाचा उल्लेख आहे. म्हणजे महापालिकेच्या भाषेत इमारत निष्कासित करणे म्हणजे ती पाडून टाकणे. ‘अनधिकृत बांधकाम निष्कासित’ या नित्याच्या बातम्यांमध्येही हाच अर्थ असतो.

पडताळणीसाठी नोटिशीत आणखी एक खूण मिळते. धोकादायक इमारतींचे चार वर्ग केले जातात. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक; तात्काळ रिकामी करून पाडावयाची. ‘सी-२ ए’ म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती करावयाची. ‘सी-२ बी’ म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटिशीवर ‘सी-१’ असे लिहिले असेल आणि आपण लावलेला अर्थ ‘दुरुस्ती’ असा निघत असेल, तर आपले वाचन चुकले आहे, असे समजावे. एका खुणेवरून काढलेला अर्थ दुसऱ्या खुणेशी जुळला पाहिजे.

फसव्या जागा

संदर्भ नेहमीच मदत करतो असे नाही. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककीओन आणि एलन मॅककॅस्लिन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८३ साली संदर्भाचे चार प्रकार केले. नेमका अर्थ दाखविणारा, साधारण कल्पना देणारा, काहीच न सांगणारा आणि चुकीच्या अर्थाकडे नेणारा असे ते प्रकार होत. ‘तिच्या चेहऱ्यावर विषण्ण भाव होता,’ एवढ्याच वाक्यावरून ती दुःखी होती, रागावली होती की थकली होती, हे ठरविता येत नाही. अशा ठिकाणी अर्थ ओढूनताणून काढण्यापेक्षा शब्दाखाली रेघ मारून पुढे जाणे श्रेयस्कर.

घडणीवरून काढलेला अर्थही फसवू शकतो. ‘अपरोक्ष’ हा शब्द फोडला तर ‘परोक्ष नसलेला’, म्हणजे डोळ्यांसमोरचा, असा अर्थ निघतो. बोलताना मात्र ‘माझ्या अपरोक्ष त्याने निर्णय घेतला’ असे म्हणतात आणि अभिप्राय ‘माझ्या पाठीमागे’ असा असतो. ‘यथातथा’चा मूळ अर्थ ‘जसे आहे तसे’. पण ‘त्यांची प्रकृती यथातथाच आहे’ असे कळले तर ती फारशी बरी नाही, असेच मराठी माणूस समजतो. व्याकरण आणि व्यवहार यांत भांडण झाले की लेखकाने शब्द कोणत्या अर्थाने वापरला, ते वाक्यावरूनच ठरवावे लागते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगर या पट्ट्यात मराठीबरोबरच हिंदी, गुजराती, सिंधी आणि दाक्षिणात्य भाषा कानांवर पडतात. त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा गोंधळ येथे अधिक. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. मराठीत ‘राजीनामा’ नोकरी सोडताना देतात. हिंदीत तो तडजोडीचा लेख असतो. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेल्या मुलाने यांपैकी एखादा शब्द चुकविला, तर त्याला अभ्यास नाही असे मानू नये. त्याने संदर्भ वापरलेला असतो. फक्त तो दुसऱ्या भाषेचा असतो.

आधी किती शब्द यावेत?

सगळेच शब्द अनोळखी असतील तर संदर्भ उरतच नाही. पॉल नेशन आणि हू या अभ्यासकांनी इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्या वाचकांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. कोणाच्या मदतीवाचून मजकूर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे पन्नास शब्दांमागे एखादाच शब्द अडावा. हा अभ्यास मराठीचा नाही. पण पालकांना त्यातून एक साधी कसोटी मिळते. मुलाच्या हाती दिलेल्या पुस्तकात दर ओळीला शब्द अडत असेल, तर ते पुस्तक काही काळ बाजूला ठेवून सोपे पुस्तक द्यावे.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. विल्यम नॅगी, पॅट्रिशिया हर्मन आणि रिचर्ड अँडरसन यांनी आठवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. वाचताना संदर्भातून शब्द खरोखर शिकले जातात. पण एका भेटीत होणारी प्राप्ती अल्प असते, असे त्यात आढळले. तोच शब्द निराळ्या वाक्यांत पुनःपुन्हा भेटावा लागतो. परीक्षेच्या आदल्या महिन्यात शब्दार्थ पाठ करून हे साधत नाही. वर्षभराच्या वाचनाने साधते.

पडताळणी कोठे करावी?

संदर्भातून निघालेला अर्थ हा अंदाज असतो. गोष्ट किंवा लेख वाचताना तो पुरतो. नोटीस, करारनामा, न्यायालयीन कागद आणि औषधाची सूचना यांच्या बाबतीत मात्र तेवढ्यावर थांबू नये. तेथे कोश आणि आप्तवाक्य यांचा आधार घ्यावाच.

मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. जुने आणि बोलीतील शब्द त्यांत सापडतात व हे दोन्ही कोश आता इंटरनेटवरही पाहता येतात. सरकारी कागदांतील शब्दांसाठी भाषा संचालनालयाने तयार केलेले शासन व्यवहाराचे व न्यायव्यवहाराचे कोश अधिक उपयोगी पडतात. कारण कार्यालयीन शब्दाला तेथे ठरवून दिलेला अर्थ असतो. ज्यांना छापील कोश चाळावयाचे आहेत, त्यांच्यासाठी १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय या जुन्या संस्था आहेत. नोटिशीच्या बाबतीत आप्त म्हणजे शेजारी नव्हे. ज्या कार्यालयाची स्वाक्षरी नोटिशीवर आहे, तेथे जाऊन अर्थ विचारून घ्यावा.

थोडक्यात

– शब्द अडला तरी थांबू नये. परिच्छेद संपेपर्यंत वाचावे.
– अडलेला शब्द वाक्यात कोणते काम करतो ते पाहावे : वस्तू, गुण की क्रिया; आणि ती क्रिया कोणावर घडते.
– शेजारचे ओळखीचे शब्द, ‘म्हणजे’, ‘मात्र’, ‘त्यामुळे’, ‘अन्यथा’ हे दुवे शोधावेत.
– शब्द फोडून पाहावा. पण केवळ घडणीवर विसंबू नये.
– सुचलेला अर्थ शब्दाच्या जागी ठेवून वाक्य पुन्हा वाचावे. ते अडखळले तर अर्थ बदलावा.
– घर, पैसा, आरोग्य किंवा हक्क यांचा प्रश्न असेल तर अर्थ कोशातून व संबंधित कार्यालयातून पडताळूनच घ्यावा.
– मुलांनी अर्थ विचारला तर लगेच सांगू नये. ‘तुला काय वाटते आणि कशावरून?’ असे आधी विचारावे. ‘कशावरून’ला उत्तर देऊ लागलेले मूल पुढचा शब्द आपला आपण सोडविते.